सर्टिफिकेटवर ‘जी, व्हीएस-२’, हिरा मात्र खालचा

हिरा अस्सल असतो, सर्टिफिकेटही खरोखरच एखाद्या लॅबचं असतं आणि तरीही गिऱ्हाईक फसतं. एक कॅरटचा गोल हिरा, कागदावर रंग जी, शुद्धता व्हीएस-२, म्हणजे भिंगाखालीच दिसणारे बारीक दोष. शेजारी जीआयए या नावाजलेल्या अमेरिकी लॅबच्या जी, व्हीएस-२चा भाव दाखवून सांगितलं जातं, ‘माल तोच, पण कितीतरी स्वस्त.’

काट्यावर वजन बरोबर भरतं, व्यास ६.४ मिलिमीटर, तोही कागदाशी जुळतो. विश्वास बसतो तो इथेच. पण वजन-मापं यंत्र घेतं, त्यात लॅबागणिक फरक पडायला फारसा वाव नाही. खरी गोम रंग आणि शुद्धतेत असते, कारण त्या बऱ्याचशा माणसाच्या नजरेवर ठरतात. डी (रंगहीन) ते झेड (पिवळट) ही रंगपट्टी जीआयएने १९५०च्या दशकात आणली. अक्षरं सगळ्यांनी उचलली, शिस्त सगळ्यांनी उचलली नाही. जीआयएकडे रंग ‘जे’, शुद्धता एसआय-२ (रंगात तीन, शुद्धतेत दोन पायऱ्या खाली) ठरणारा हिरा सैल लॅबकडे जी, व्हीएस-२ होऊन बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही स्वस्तात घेतलेला नसतो, हलक्या मालाचा पूर्ण भाव किंवा त्याहून जास्तच मोजलेला असतो. हा प्रकार इतका बोकाळला की २०१४ मध्ये रॅपनेट या घाऊक व्यापाराच्या मंचाने ईजीएल या लॅब-समूहाच्या सर्टिफिकेटचे हिरे यादीतून काढून टाकले. जीआयएच्या शुद्धतेच्या पट्टीत एसआय-२नंतर थेट आय-१ ही ठळक दोषांची श्रेणी येते. कागदावर ‘एसआय-३’ दिसलं तर आय-१ समजूनच भाव करा.

हिरा नेहमी सुटा बघा. जडवल्यावर वजन अंदाजानेच सांगता येतं आणि पिवळ्या सोन्यात पिवळट झाक लपते. न चमकणारा पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीत हिरा पालथा, टोक वर करून ठेवा आणि बाजूने बघा. समोरून झगमगाटात न दिसलेली झाक टोकापाशी उघडी पडते. खात्रीचा जी रंगाचा हिरा शेजारी असेल तर फरक लगेच कळतो. कडक उन्हात मात्र ठरवू नका, तीव्र निळं फ्लुरोसन्स (अतिनील किरणांत निळं चमकणं) असलेला हिरा तिथे पांढरा भासतो. मग दहापट भिंग घ्या. व्हीएस-२मधला दोष शोधावा लागतो. टेबलाखालचा (वरच्या सपाट पैलूखालचा) काळा ठिपका भिंग लावताक्षणी नजरेत भरला, तर कागद खोटं बोलतोय.

रिपोर्ट नंबर लॅबच्या संकेतस्थळावर तपासा, गर्डलवरच्या (हिऱ्याच्या रुंद कडेवरच्या) लेझर अक्षरांशी ताडून पाहा. एवढ्यावर थांबू नका. खाणीतल्या हिऱ्याचा नंबर प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणं सापडली आहेत. मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आणि दोषांचा नकाशाही जुळला पाहिजे.

एका श्रेणीचा फरक त्याच लॅबने दुसऱ्यांदा तपासलं तरी पडू शकतो, त्यावरून भांडू नका. बिलावर मात्र लिहून घ्या: अमुक लॅबकडे तपासून रंग किंवा शुद्धता एकाहून जास्त श्रेणीने उतरली तर पूर्ण पैसे परत. लॅबचं नाव त्यात हवंच. नुसतं ‘सर्टिफिकेटप्रमाणे’ लिहिलं असेल तर दाद मागायला फारसा आधार उरत नाही, कारण त्या सैल कागदाप्रमाणे हिरा बरोबरच ठरतो.