इतिहासाची चार नवी पुस्तकं, आधी कुठलं घ्यावं?

इतिहासाची आवड आपल्यापैकी बऱ्याच जणांना कादंबऱ्यांमुळे लागलेली असते, आणि तिथून पुढे "खरा" इतिहास वाचायचा म्हटलं की एकदम जाडजूड संशोधनाचे ग्रंथ समोर येतात आणि माणूस विसाव्या पानावर थांबतो. या दोन्हींच्या मधली पुस्तकं, म्हणजे अभ्यास पक्का पण लिहिलंय आपल्यासारख्यांसाठी, ती २०२४-२५ मध्ये खरंच चांगली आलीत. चारही इंग्रजीत आहेत, तेवढं आधीच सांगतो.

माझी कसोटी एकच. वाचताना मनात "पण हे तुम्हाला कळलं कसं?" असा प्रश्न आला की पुस्तकाने त्याचं उत्तर तिथल्या तिथे दिलं पाहिजे. शिलालेख आहे का, पत्र आहे का, नाणं आहे का, की नुसतं ऐकीव. कादंबरीत राजाच्या मनात काय चाललंय ते लेखक सांगतो आणि आपण मानतो, इथे तसं चालत नाही.

या कसोटीवर मला सगळ्यात जास्त आवडलेलं म्हणजे अनिरुद्ध कनिसेट्टी यांचं 'लॉर्ड्स ऑफ अर्थ अँड सी', चोळ साम्राज्यावरचं, २०२५ मध्ये आलंय. चोळ म्हटलं की आपल्याला राजराज, राजेंद्र आणि तंजावरचं ते मोठं देऊळ एवढंच माहीत असतं, पण ह्या पुस्तकात राजांच्या बरोबरीने राण्या, गावकरी, व्यापारी सगळे आहेत, कारण चोळांच्या देवळांच्या भिंतींवर अक्षरशः हिशेब कोरलेले आहेत. कुठल्या गावाने किती भात द्यायचा, कोणी किती दिवे लावायची सोय केली, देवळाचे पैसे गावांना कर्जाने दिले तर व्याज किती (साडेबारा टक्के, बरं का). तंजावरच्या देवळात राजराजाने इतर देवळांतून चारशे नर्तकी आणून वसवल्या, आणि भिंतीवर प्रत्येकीचं नाव आहे, ती कुठल्या गावच्या देवळातून आली ते आहे, आणि तिला कुठल्या रांगेतलं कितवं घर दिलं तेही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांचे पत्ते! मी ते वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि कितीतरी वेळ त्याच विचारात होतो, कारण त्या काळातल्या सामान्य बायकांची नावं आपल्याकडे किती कमी उरलीत.

सेंबियन महादेवी ही विधवा राणी तर या पुस्तकाचा जीव आहे असं मी म्हणेन. विटांची जुनी देवळं तिने दगडात बांधून घेतली, आणि आज ज्या नटराजाला आपण सगळीकडे बघतो त्याला चोळ घराण्याशी जोडण्यात तिचा मोठा वाटा होता. दुसरी गोष्ट म्हणजे राजेंद्राची १०२५ ची श्रीविजयावरची (आजच्या सुमात्रा-मलाया भागातलं राज्य) समुद्री स्वारी. शाळेत आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर ती प्रचंड आरमाराची गोष्ट म्हणून सांगतात. कनिसेट्टी त्यात तमिळ व्यापाऱ्यांचे संघ, त्यांची जहाजं आणि त्यांचे हितसंबंध आणतात आणि स्वारीचं सगळं चित्रच बदलतं. ते पटलंच पाहिजे असं नाही, पण पुरावा समोर ठेवलाय, त्यामुळे वाद घालायचा तर कशाशी घालायचा ते कळतं. भाषा सोपी आहे, कधीकधी प्रसंग रंगवताना "असं झालं असेल" जरा जास्त होतं, ते मला खटकलं. पण ते "असेल" म्हणून सांगतात, "झालं" म्हणून नाही, हा फरक मोठा आहे.

सॅम डॅलरिम्पल यांचं 'शॅटर्ड लँड्स' पण २०२५ चंच. फाळणी म्हणजे १९४७ एवढंच डोक्यात असेल तर हे वाचाच. त्यांचं म्हणणं असं की ब्रिटिशांचं हिंदुस्थानी साम्राज्य एडनपासून ब्रह्मदेशापर्यंत होतं आणि ते एकदा नाही, पाच वेळा फुटलं. ब्रह्मदेश आणि एडन १९३७ मध्ये वेगळे झाले, पुढे आखाताचा किनारा सुटला, मग भारत-पाकिस्तान, संस्थानांचा प्रश्न, आणि शेवटी १९७१ ला बांगलादेश. आता बघा, एडन १८३९ मध्ये ब्रिटिशांनी घेतलं आणि ते जवळपास शंभर वर्षं मुंबईहून चाललं, म्हणजे येमेनच्या टोकाचं एक बंदर आपल्या मुंबई इलाख्याचा भाग होतं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात हे कुठे ठळकपणे आलंय? धीरूभाई अंबानी तरुणपणी एडनला नोकरीला होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण एडनच का, हे या पुस्तकामुळे नीट लक्षात येतं. आखातात तर १९६० च्या दशकापर्यंत रुपया चालायचा, रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून त्यांच्यासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. दुबईला नोकरीला असलेल्या नातेवाइकांना हे पुस्तक आवर्जून द्या.

यातलं ब्रह्मदेशाचं प्रकरण वाचायला जड जातं. १९४२ मध्ये जपानी सैन्य आलं तेव्हा लाखो हिंदी लोक रंगूनकडून जंगलातून, डोंगरांतून चालत आसाम-मणिपूरकडे निघाले, वाटेत किती मेले त्याचा नीट हिशेब नाही. आपल्या फाळणीच्या आठवणीत ह्या लोकांना जागाच मिळालेली नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं. पुस्तक मोठं आहे, माणसं खूप येतात-जातात, संस्थानांच्या भागात नावं लक्षात ठेवताना दमछाक होते, नकाशे उघडे ठेवूनच वाचा. ई-बुकवर नकाशे बघायला त्रास होतो म्हणून हे तरी कागदीच घ्या.

'द गोल्डन रोड', विल्यम डॅलरिम्पल यांचं, २०२४. (सॅम हे त्यांचेच चिरंजीव.) यावर एवढं लिहून आलंय की मी थोडक्यात सांगतो. प्राचीन भारतातून धर्म, व्यापार, गणित बाहेर कसं गेलं त्याची गोष्ट, वाचायला चौघांत सगळ्यात सोपं, एका बैठकीत पन्नास पानं सहज होतात. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात सापडलेली संगमरवरी बुद्धमूर्ती, अफगाणिस्तानातल्या बल्खच्या बौद्ध विहाराच्या प्रमुखांच्या वंशातले बर्मकी पुढे बगदादच्या खलिफांचे वजीर होतात तो भाग, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले तिथपासून इटालियन गणिती फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथापर्यंतचा प्रवास, हे सगळं भारीच आहे. अडचण ही की लेखक प्रेमात पडून लिहितात, आणि चीन-इराणची बाजू जरा पातळ होते. आणि आपल्या मराठी वाचकाला एक हुरहूर लागेल, अजिंठा येतो पण सोपारा, कल्याण, कार्ले अजून हवे होते असं वाटत राहतं. कार्ल्याच्या चैत्यात तर खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) दिलेल्या दानाचे लेख आहेत, म्हणजे हा समुद्री व्यापार लोणावळ्याच्या घाटात येऊन पोचला होता!

चौथं मनू पिल्लई यांचं 'गॉड्स, गन्स अँड मिशनरीज', तेही २०२४ चं. याला वेळ द्यावा लागतो. आधुनिक हिंदू ओळख मिशनरी आणि कंपनी सरकारच्या टकरीत कशी घडत गेली हा विषय, त्यामुळे कोणाला ना कोणाला कुठेतरी टोचणारच. सुरुवात मात्र मस्त आहे, १९०२ मध्ये जयपूरचे महाराज लंडनला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जाताना चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल घेऊन जहाजात बसतात, समुद्र ओलांडायचा पण धर्म सांभाळायचा. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे जोतिबा फुले, टिळक, सावरकर हे तिघेही एकाच मोठ्या गोष्टीत येतात, एकाला देव्हाऱ्यात बसवून दुसऱ्याला झोडपणं नाही. टिपाच एवढ्या आहेत की त्यांचं वेगळं पुस्तक होईल, आणि बऱ्याच टिपा मूळ मजकुराइतक्याच वाचनीय आहेत, त्या सोडू नका. पिल्लईंची वाक्यं लांब आणि इंग्रजी थोडं अवघड, तेव्हा पहिलं पुस्तक म्हणून हे घेऊ नका.

माझा सल्ला विचाराल तर सुरुवात कनिसेट्टींपासून करा, इंग्रजी वाचायची फारशी सवय नसेल तर 'गोल्डन रोड'पासून. आणि तंजावरला जाणार असाल तर चोळांचं पुस्तक आधी वाचूनच जा, कारण त्याच देवळात तंजावरच्या मराठा सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी लेखही आहे, एकाच आवारात चोळांचे हिशेब आणि आपली मराठी दोन्ही वाचायला मिळतात, त्यासाठी निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा.