गंजरोधक मेणाचा संच : अकरा महिने आणि एका एमओटीनंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमची २००२ सालची कॅम्परव्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, नापास झाली, ती डाव्या सिलमुळे, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीमुळे. सीटबेल्ट जेथे सांगाड्याला जोडलेला असतो तेथून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा कुजलेला आढळला, तर परीक्षकाच्या हातात फारसे काही उरत नाही. वेल्डिंगवाल्याने कुजका भाग कापून नव्या पत्र्याचे ठिगळ चारही बाजूंनी सलग वेल्डिंग करून बसवले आणि ४२० पौंड घेतले. पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून मी त्याच संध्याकाळी पोकळ भागांत फवारायच्या मेणाचा सहा डब्यांचा संच ६८ पौंडांना मागवला. असे मेण कशासाठी असते, हे जुन्या व्हॅनच्या मालकांना सांगायला नको.

मेणाआधी मात्र मला नळीविषयी लिहिले पाहिजे. संचात दोन नळ्या येतात. त्यांपैकी चहूबाजूंना फवारा उडवणाऱ्या नळीची लांबी ६० सेंटीमीटर आहे, आणि आमच्या व्हॅनच्या सिलमधील दोन रबरी बुचांमध्ये याच्या दुपटीहून अधिक अंतर असल्यामुळे मधला भाग कोणत्याही बाजूने हाताला लागत नाही. नळीवर खुणा नसल्याने ती आत किती गेली हेही कळत नाही. याहून वाईट म्हणजे टोकाचे पितळी नोझल प्लॅस्टिकवर नुसते दाबून बसवलेले असते. दुसऱ्याच भोकातून नळी बाहेर ओढताना ते पत्र्याच्या कडेला अडकले, निसटले आणि सिलच्या आत पडले. तेव्हापासून प्रत्येक राउंडअबाउटवर ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खळखळत जाते, आणि या देशात राउंडअबाउटना तोटा नाही. पत्नीने व्हॅनला पैंजण घातल्याचे जाहीर केले आहे. विक्रेत्याला लिहिले, तर त्याने नळी आधी गरम पाण्यात ठेवायला हवी होती असे कळवून नवीन नोझल ४.९९ पौंड अधिक टपालखर्च घेऊन पाठवण्याची तयारी दाखवली. ६८ पौंड मोजल्यानंतर आणखी पाच पौंड देण्याची माझी तयारी नव्हती. उरलेले काम मी दुसऱ्या, सरळ धार मारणाऱ्या नळीने उरकले.

यात माझीही एक चूक होती, ती नोंदवतो. बाहेर जेमतेम ८ अंश तापमान असताना मी हे काम काढले. थंडीत मेण घट्ट होते, फवारा तुटक येतो आणि नळी तुंबते. डबे अर्धा तास कोमट पाण्याच्या बादलीत ठेवल्यावर फरक लगेच दिसला. फवारणीनंतर सिलच्या तळाची पाणी निचरण्याची भोके तारेने मोकळी करावीत. ती मेणाने बुजली तर पाणी आतच साचते आणि मेण मारून गंज पोसल्यासारखे होते.

मार्चपर्यंत माझे मत वाईटच होते. ब्रिटनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात पडणारे बरेचसे मीठ आमच्या चेशायरमधल्याच विन्सफर्डच्या खाणीतून निघते, आणि ते येथे इतक्या सढळ हाताने टाकले जाते की गाडी रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभी केल्यासारखी गंजते. अशा हिवाळ्यानंतर, जेथे नळी पोहोचलीच नाही तेथे काय उरले असेल, याची मला धास्ती होती.

ऑगस्टमध्ये मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा बुचाच्या भोकातून आत सोडला, तेव्हा मला मत बदलावे लागले. उन्हाने मेण पातळ होऊन पसरले होते. मधल्या भागातही, पातळ का होईना, मधाच्या रंगाचा थर होता, आणि वेल्डिंगच्या सांध्यात तर ते चांगले झिरपले होते. अकरा महिन्यांनंतर बोट लावले तर अजून चिकट लागते. (त्याच उन्हात दारातल्या फरशीवर पडलेले डाग अद्याप निघालेले नाहीत.) कोपऱ्यात नोझलही दिसले.

सप्टेंबरमध्ये परीक्षा घेतली, कारण मुदत संपण्याच्या एक महिना वजा एक दिवस आधीपर्यंत ती दिली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. तयारी नेहमीचीच होती: नंबरप्लेटचा दिवा, काचेवर फवारण्याचे पाणी, टायरच्या खाचांची खोली, आणि पलंगाखालचे सामान काढून मागचे सीटबेल्ट मोकळे करणे. गॅसची शेगडी, फ्रिज यांच्याशी एमओटीला कर्तव्य नसते.

व्हॅन पुन्हा नापास झाली. सिल उत्तम होते, परीक्षकाने ते वाजवूनही पाहिले आणि आत काय आहे असे विचारले. पण मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप त्याने फडक्याने पुसला, तेव्हा मेणाखाली खवले सुटलेला गंज निघाला. हे मेणाचे अपयश म्हणता येणार नाही. त्या पाइपवर हलका गंज असल्याची सूचना आधीच्या दोन्ही वर्षांच्या निकालांत छापलेली होती, आणि पाइप बदलण्याऐवजी उरलेला डबा वाया जाऊ नये म्हणून मीच तो त्यावर रिकामा केला होता. जुन्या गंजावर मारलेले मेण गंज थांबवीलच असे नाही. तो झाकते मात्र नक्की, आणि येथे तो परीक्षकाआधी माझ्यापासूनच झाकला गेला. तांबे-निकेलचा नवा पाइप १४५ पौंडांना पडला. दुरुस्तीसाठी व्हॅन तेथेच ठेवली आणि दहा कामकाजी दिवसांच्या आत फेरतपासणी झाली, त्यामुळे तिचे वेगळे पैसे पडले नाहीत.

पुढच्या वर्षी हेच मेण पुन्हा घेईन, परंतु सुटे डबे घेईन. संच घेणार नाही, आणि नळी दुसरीकडून, सव्वा मीटरची आणि पेचाने बसणाऱ्या नोझलची घेईन. आतले नोझल काढण्यासाठी चुंबक घालून पाहिला, पण पितळ त्याला दाद देत नाही. वेल्डिंगवाला सिल उघडून ते काढून द्यायला तयार आहे; त्याचे तो ९० पौंड मागतो, म्हणून ते तूर्त आतच आहे.