गिटारचा पातळ साउंडबोर्ड: ब्रिज प्लेट मोठी की ब्रेस उंच?
रंधा जरा जास्त चालला आणि स्टीलच्या तारांसाठी २.८ मिमी ठेवायचा साउंडबोर्ड (गिटारची वरची फळी) २.२ वर आला. आता?

ब्रिज प्लेट, म्हणजे ब्रिजच्या (तारा अडकवायच्या पट्टीच्या) खाली आतून चिकटवलेला मेपल लाकडाचा तुकडा, रुंद केली तर ब्रिजमागचा फुगवटा थोडा आवरतो, कामही सोपं. पण मेपलचं ते वजन नेमकं जिथे लाकूड थरथरायला हवं तिथेच बसतं.

स्प्रूस लाकडाच्या ब्रेसचं, म्हणजे फळीला आतून आधार देणाऱ्या पट्टीचं, गणित वेगळं. उंची दुप्पट केली की त्याचा ताठपणा आठपट, वजन मात्र दुप्पटच. शिवाय जास्त झालं तर तासता येतं: पाठ चिकटवण्याआधी ब्रिजच्या जागी टिचकी मारायची, ‘ठक्’ जाऊन घुमारा आला की पटाशी खाली ठेवायची. मी तरी ब्रेसच उंच करेन. नायलॉनच्या तारा असतील, तर मात्र २.२ ची एवढी धास्ती नको.