फळमाशीचं गाणं: नराचे पंख कापायचे की मादीचे कान?
नराच्या गाण्याचा मादीवर काय परिणाम होतो हे बघायला नराला मुकं करायचं की मादीला बहिरं, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी धाकटी बहीण यातच अडकलीये, म्हणून लिहितोय. मेलॅनोगॅस्टर या फळमाशीचा नर एक पंख बाहेर काढून थरथरवतो, तेच त्याचं गाणं, ठोक्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिसेकंद, आणि गाणं ऐकू आलं नाही तर मादी मीलनाला लवकर तयारच होत नाही.

मेहनत बघितली तर पंख कापणं सोपं, CO२ देऊन बेशुद्ध करा, बारीक कात्रीनं दोन मिनिटांत काम खलास. मादीची अरिस्टा, म्हणजे अँटेनावरचा पिसासारखा केस, ज्यानं ती ऐकते, तो कापायला हात स्थिर लागतो, माझ्या हातून पहिल्यांदा अख्खी अँटेनाच उपटून आली आणि मादीचं वास घेणंही बरंचसं गेलं, दिवस वाया!

खर्च दोन्हीकडे सारखाच, किरकोळ.

पण निष्कर्षाला पंखवाली पद्धत जरा कच्ची, कारण गाण्याबरोबर पंखाची दिसणारी हालचालही जाते. अरिस्टा कापली की नर नेहमीसारखा गातो, फक्त मादी बहिरी.

म्हणजे स्पीकरवर ३५ विरुद्ध सिम्युलन्स या जवळच्या जातीचं ४८-५० मिलिसेकंदवालं गाणं वाजवून मादीची आवड तपासायची असेल तर पंख काप, म्हणजे नराचा स्वतःचा आवाज मध्ये येत नाही, आणि ऐकण्यानं फरक पडतो का एवढंच दाखवायचं असेल तर अरिस्टा, पण आधी आठवडाभर फालतू माश्यांवर हात बसव.