संसदेचं डिजिटल ग्रंथालय : आधी ‘कोणते राऊत’ ते ठरवा

संपादक खासदार झाला की त्याच्या जुन्या अग्रलेखांवर चर्चा झडतात. सभागृहात त्याने काय केलं, हे क्वचितच कोणी बघतं. ते बघायची सोय फुकट आहे आणि ठाण्यातल्या अभ्यासिकेत बसून मोबाइलवरही जमते. लोकसभेसाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय, राज्यसभेसाठी त्या सभागृहाचं वादविवादांचं वेगळं संकेतस्थळ. पहिल्यात स्वातंत्र्यापूर्वीच्या केंद्रीय विधिमंडळाचंही कामकाज आहे. ‘केसरी’चे न. चिं. केळकर 1923 साली निवडून गेले ते तिथेच.

माणूस कोणत्या दाराने आत गेला, हे माहीत नसेल तर शोध फसतो. ‘लोकसत्ता’चे विद्याधर गोखले 1989 मध्ये मुंबई उत्तर मध्यमधून थेट निवडून आले, म्हणून नववी लोकसभा निवडा. ती 1991 मध्येच आटोपली, त्यामुळे पानं थोडीच. कुमार केतकर (2018 ते 2024) राज्यसभेत. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यरही तिथेच, पण 1997 मध्ये राष्ट्रपतींनी नेमलेले.

खरी गंमत राऊतांची. नुसतं आडनाव टाकलंत तर ‘सामना’चे संजय राऊत आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’चे भारतकुमार राऊत यांची सरमिसळ होते. दोघेही संपादक, दोघेही शिवसेनेचे, आणि 2008 ते 2014 दोघेही एकाच वेळी राज्यसभेत! पूर्ण नाव टाका, शिवाय तारखांची मर्यादा घाला.

भाषणांपेक्षा प्रश्न वाचा. संपादकाला बोलता येतंच, त्यात नवल नाही. कोणत्या खात्याला काय विचारलं, यावरून त्याचा अभ्यास कळतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित, राज्यसभेत 15 आणि 160. तारांकितांचा क्रम सोडतीने ठरतो, तेव्हा नुसत्या आकड्यावरून कोणाला हुशार ठरवू नका. ‘प्रभात खबर’चे हरिवंश 2018 मध्ये राज्यसभेचे उपसभापती झाले. पीठासीन माणूस प्रश्न विचारत नाही. ‘एशियन एज’चे एम. जे. अकबर 2016 मध्ये राज्यमंत्री झाले, मग तेही उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर. इथे शून्य म्हणजे आळस नव्हे.

आपल्या भागाचे प्रश्न शोधायचे तर इंग्रजी स्पेलिंग सांभाळा. जुन्या नोंदींत ठाण्याचं ‘थाना’ आहे आणि नवी मुंबईचं ‘न्यू बॉम्बे’. दोन्ही रूपं टाकल्याशिवाय ‘काही सापडलं नाही’ म्हणू नये.

जुनी पानं स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे देवनागरी शब्द टाकून शोध बहुधा लागत नाही. तारीख काढा, त्या दिवसाची पीडीएफ उतरवा आणि पानं उलटा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही. लोकलमध्ये मोबाइल डेटावर हे करू नका, फायली जड असतात.

आणखी एक. मराठीत केलेल्या भाषणापुढे फुलीसारखी खूण आणि ‘भाषांतर’ अशी तळटीप दिसली, तर ते खासदाराचे मूळ शब्द नव्हेत. अवतरणचिन्हांत टाकू नका. ताज्या अधिवेशनाच्या प्रतींवर ‘असंशोधित, प्रसिद्धीसाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असतो. छापायचं असेल तर अंतिम प्रत येईपर्यंत थांबा.