वर्षाला एक किलोमीटर : शेतीप्रसाराच्या कार्यशाळेतील दोन दिवस

प्रागैतिहासिक काळात शिकारी-अन्नसंकलकांच्या प्रदेशात शेती कशी पसरली, हे लोकसंख्येच्या गणिती प्रारूपांवरून शिकविणारी दोन दिवसांची सशुल्क कार्यशाळा नुकतीच छत्रपती संभाजीनगरात झाली. मी परभणीकडचा इतिहासाचा शिक्षक असून गणिताशी माझा संबंध दहावीनंतर तुटलेला आहे. तरीही बाराशे रुपये शुल्क आणि स्वतःचा लॅपटॉप एवढीच अट असल्याने नाव नोंदविले. काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे आयोजकांचे नाव येथे मुद्दाम देत नाही.

पहिल्याच दिवशी शुल्क वसूल झाले. युरोपातील प्राचीन वस्त्यांच्या कार्बन-तारखा (अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली वये) आणि पश्चिम आशियापासूनचे त्यांचे अंतर यांची सांगड घालून पुरातत्त्वज्ञ अल्बर्ट अमरमन व जनुकशास्त्रज्ञ लुइगी लुका कावाली-स्फोर्झा यांनी १९७१ मध्ये शेतीच्या प्रसाराचा वेग वर्षाला सरासरी १ किलोमीटरच्या आसपास असल्याचे दाखविले आणि पुढे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचे, लाटेसारख्या प्रसाराचे १९३७ चे समीकरण त्याला लावले, इथपर्यंत पुस्तकी माहिती मला होती. हा आकडा येतो कसा, ते मात्र इथे प्रथमच हाताने करून पाहिले. लोकसंख्यावाढीचा दर आणि माणूस जन्मस्थळापासून किती दूर जाऊन संसार थाटतो याचे माप, या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की शेतीच्या या पसरत्या लाटेचा वेग मिळतो. वाढ वर्षाला ०.०३२ आणि स्थलांतराचे माप १५.४४ चौरस किलोमीटर धरले, तेव्हा उत्तर १.४ किलोमीटर आले, म्हणजे जरा जास्तच. मग प्रशिक्षकांनी विचारले, ‘जन्मलेले मूल दुसऱ्या दिवशी नवे शेत काढायला निघते का?’ पिढीचा २५ वर्षांचा विलंब हिशेबात धरताच तेच उत्तर १.० वर उतरले. ही दुरुस्ती जोआकिम फोर्ट व विसेन्स मेंडेझ यांनी १९९९ मध्ये मांडली.

दुपारी नेटलोगो या मोफत सॉफ्टवेअरवर तीच लाट पडद्यावर चालविली. कोपऱ्यातील मूठभर हिरवे ठिपके, म्हणजे शेतकरी, पिढीगणिक वाढत तपकिरी ठिपक्यांच्या, म्हणजे शिकाऱ्यांच्या, मुलखात शिरत होते आणि त्यांची आघाडी जवळपास एकसारख्या गतीने सरकत होती. वाढीचा दर शून्यावर आणताच मात्र आघाडी उरलीच नाही. ठिपके विरळ होत पांगले. फिरण्याने माणसे पांगतात, लाट उठते ती वाढीमुळे, ही गोष्ट वर्गात तासभर बोलूनही मला इतकी नेमकी सांगता आली नसती.

बीड जिल्ह्यातील एका शिक्षिकेने याच वेळी उत्तम शंका काढली. स्थलांतराचे माप जर पालकांचे आणि मुलांचे जन्मगाव यांतील अंतरावरून काढायचे असेल, तर ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे मूल फडाशेजारच्या कोपीत जन्मले आणि हंगाम संपताच सगळे गावी परतले, तर ते अंतर धरायचे कसे? वर्षातून दोनदा शेकडो किलोमीटर तुडविणारी ही माणसे राहायला एक पाऊलही सरकलेली नसतात. प्रशिक्षकांनी प्रश्न फळ्यावर उतरवून घेतला. उत्तर दुसऱ्या दिवशी देतो म्हणाले, ते राहूनच गेले.

दुसरा दिवस पत्रिकेप्रमाणे शिकारी-अन्नसंकलकांचा होता. त्या सत्राला तीन तास दिले होते; प्रोजेक्टर आणि वीज यांच्या लहरीत प्रत्यक्षात मिळाली चाळीस मिनिटे. खरा गुंता तर इथेच होता. मध्य युरोपातील पहिल्या शेतकऱ्यांचा वंश मुख्यतः अनातोलियाकडचा (आजच्या तुर्कस्तानातला) होता आणि स्थानिक शिकाऱ्यांचा अंश पुढच्या शतकांत वाढत गेला, हे प्राचीन डीएनएवरून दिसते. शिवाय मध्य युरोपातून वेगाने आलेली शेती उत्तरेच्या सखल प्रदेशाशी सुमारे हजार वर्षे अडून राहिली आणि दक्षिण स्कँडिनेव्हियात इ.स.पू. ४००० च्या सुमारास पोहोचली. एकसमान वेगाच्या प्रारूपात हा थांबा बसत नाही. त्यासाठी शिकाऱ्यांची दाटी, त्यांनी शेती स्वीकारण्याचा दर आणि दोन्ही समाजांतील सोयरीक यांची जोडसमीकरणे (एकमेकांवर अवलंबून असलेली समीकरणे) लागतात. ती स्लाइडवर आली आणि गेली. तपकिरी ठिपक्यांना गिळले जाण्याखेरीज काही काम उरले नाही. (जेवण साधे होते, ठेचा मात्र अप्रतिम.)

दख्खनचा उल्लेख दोन दिवसांत एकदाही झाला नाही, याचे सर्वांत वाईट वाटले. पैठण तालुक्यातील आपेगावला ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन झालेले आहे आणि ते ठिकाण सभागृहापासून दोन तासांच्या आत आहे. महाराष्ट्रातील जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या लोकांकडे पश्चिम आशियातून आलेले जव आणि गहू होते, तर दक्षिण दख्खनच्या नवाश्मयुगीन वस्त्यांत मूग, कुळीथ आणि बारीक तृणधान्ये ही इथलीच पिके. एक रब्बीची शेती आणि एक खरिपाची; एकाच कोपऱ्यातून निघालेली एकच लाट इथे पुरणार नाही.

पहिल्या दिवसाचेच वेगळे शुल्क ठेवले, तर इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाने जावे. अभिप्रायाच्या कागदावर मी दोनच मागण्या लिहून आलो : पुढच्या वेळी नकाशा गोदावरीच्या खोऱ्याचा घ्यावा आणि बीडच्या बाईंच्या प्रश्नाने सुरुवात करावी.