बोर्ड चकचकीत होते, तांबं मात्र चोरलेलं

पाकीट उघडलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्या सर्किट बोर्डांचं कौतुकच केलं. हिरवा सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर) एकसारखा, छापलेली अक्षरं रेखीव, कडा स्वच्छ. दोन डीसी मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड, दोन लेअरचा (वर आणि खाली तांब्याचा एकेक थर), १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४ वर, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या पत्र्यावर. आम्ही आठ जण छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करतो. डिझाइन माझं होतं, पैसे सगळ्यांचे होते. एकूण २० बोर्ड मागवले होते. त्यातले ७ सोल्डरिंग होता होताच गेले, आणि उरलेल्यांतून ५ अँपिअर सोडायला आज मी धजणार नाही.

हे सविस्तर लिहितेय, कारण फसवणूक बोर्डांपासून सुरू झालीच नव्हती. बोर्डाचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर निवडलं त्या दिवशीच ती सुरू झाली होती आणि मला ते कळायला पाच महिने लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव बदलून तोच प्रकार उद्या दुसरीकडे दिसेल, म्हणून पद्धत सांगते.

सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं होतं. इन्स्टॉल करायचं नाही, कायम मोफत, लायब्ररीत तयार फूटप्रिंट (पार्ट बसवायच्या जागेचे आराखडे), आणि काम झालं की एका बटणावर ऑर्डर. बोर्ड बनवून देणारीही तीच कंपनी. मी काय काय पाहिलं? स्किमॅटिक (काय कशाला जोडायचं ती आकृती) काढायला सोपं आहे का, मला हवे ते पार्ट आहेत का, डिझाइन रूल तपासता येतात का. सगळं होतं. एकच गोष्ट पाहिली नाही: काढलेलं डिझाइन बाहेर कसं न्यायचं, हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही.

नव्यांसाठी इथे थोडं थांबते. बोर्ड बनवणाऱ्याला तुमचं स्किमॅटिक लागत नाही. त्याला लागतात गर्बर फाइली, प्रत्येक लेअरची एक, आणि भोकांची ड्रिल फाइल. गर्बर हे नाव जोसेफ गर्बर यांच्या कंपनीवरून आलं. या फॉरमॅटचं वर्णन सगळ्यांना खुलं आहे आणि बोर्ड बनवणारा कुणीही ते वाचू शकतो. म्हणजे गर्बर तुमच्या हातात असतील तर एकाशी पटलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं. या धंद्यात ग्राहकाच्या हातात खरी ताकद असते ती एवढीच.

माझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये गर्बर एक्स्पोर्टचं बटण दिसत होतं. तीन महिने संध्याकाळी बसून लेआउट (बोर्डवरची पार्ट आणि तांब्याच्या रेघांची मांडणी) पूर्ण केला आणि ते बटण पहिल्यांदा दाबलं, तेव्हा सूचना आली: ‘उत्पादन पडताळणी पूर्ण झाल्यावर फाइली उपलब्ध होतील.’ उत्पादन पडताळणी म्हणजे त्यांच्याकडेच ऑर्डर देणं. तोवर लेअरची फक्त चित्रं बघता येत होती. प्रोजेक्टची फाइल उतरवून घेता यायची, पण ती दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडेना. तिथेच उठायला हवं होतं. पण तीन महिन्यांचं काम आत अडकलेलं असताना माणूस स्वतःची समजूत घालतो, की ऑर्डर तर द्यायचीच आहे, यांना दिली म्हणून काय बिघडलं?

आधी खात्री म्हणून ५ छोटे बोर्ड मागवले. एलईडी आणि चार रेझिस्टर, एवढंच. वेळेवर आले, उत्तम चालले. आता लक्षात येतं की त्या बोर्डांनी काहीच सिद्ध होणार नव्हतं. १० मिलिअँपिअरच्या एलईडीला ट्रॅकचं, म्हणजे वीज वाहणाऱ्या रेघेचं, तांबं ३५ मायक्रॉन असो की १० मायक्रॉन, काडीचा फरक पडत नाही. नमुना मागवायचा तर ज्या बोर्डवर खरा भार पडणार आहे त्याचाच मागवावा, मग भले दोनच नग घ्या.

मोठ्या ऑर्डरच्या पानावर दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: तयार बोर्डवर तांबं ३५ मायक्रॉन, आणि प्रत्येक बोर्डची शंभर टक्के इलेक्ट्रिकल टेस्ट. त्या टेस्टचे पैसे वेगळे घेतले. मी ते आनंदानं भरले, कारण पैसे आठ जणांचे होते आणि मला कुणासमोर मान खाली घालायची नव्हती.

पहिला बोर्ड मीच जोडला. चालला. दुसरा चालेना. मोटरच्या एका बाजूला व्होल्टेजच पोचत नव्हतं. कोल्ड सोल्डर (कच्चा राहिलेला जोड) असेल म्हणून सगळे जोड पुन्हा गरम केले आणि एक चालणारी वाटही बंद पडली. मल्टिमीटरनं मागोवा घेतला तेव्हा सापडलं की वरच्या लेअरवरून खालच्या लेअरवर नेणारा व्हाया, म्हणजे आतून तांबं चढवलेलं भोक, ओपन (तुटलेला) आहे. सोल्डरिंगच्या आधी मी स्वतः तिथे जोडणी ठीक असल्याचा मल्टिमीटरचा बीप ऐकला होता. म्हणजे भोकातली जोडणी उष्णतेनं तुटली.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलानं फोन केला. ‘ताई, मोटर चालतेय, पण जाड ट्रॅकला बोट लावलं की चटका बसतोय.’ तो ट्रॅक मी २ मिलिमीटर रुंद ठेवला होता. ५ अँपिअरला ३५ मायक्रॉन तांब्यावर तापमान २० अंशांच्या आत वाढायला हवं, म्हणजे कोमट लागेल एवढंच. चटका बसायचं कारण नव्हतं.

मग मी मोजलं. ही युक्ती नीट सांगते, कारण तिला महागडं काही लागत नाही. तांब्याच्या पत्र्याचा कुठलाही चौकोन घ्या, १ मिलिमीटरचा किंवा १ सेंटिमीटरचा. ३५ मायक्रॉन जाडीला एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत त्याचा रोध साधारण ०.४९ मिलिओहमच भरतो. चौकोन मोठा झाला तर लांबी वाढते तशी रुंदीही वाढते, म्हणून रोध तोच राहतो. माझा ट्रॅक ८० मिलिमीटर लांब आणि २ रुंद, म्हणजे ४० चौकोन, म्हणजे जवळपास २० मिलिओहम. पॉवर सप्लायवर करंटची मर्यादा १ अँपिअरला बांधली, तो करंट ट्रॅकमधून सोडला, आणि मल्टिमीटरची टोकं करंटच्या क्लिपांपासून वेगळी, थेट तांब्यावर टेकवली. क्लिपांवरच टेकवली तर क्लिपांचा रोधही मोजमापात येतो आणि सगळं मुसळ केरात जातं. २० मिलिव्होल्ट दिसायला हवे होते. दिसले ३३.

म्हणजे तांबं २१ मायक्रॉनच्या आसपास. दुसऱ्या बोर्डवर ३४, तिसऱ्यावर ३२. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे मी सोडून दिले असते. हा तसला फरक नव्हता.

आणि मग दोन्ही बिघाडांचा धागा एकच निघाला. दोन लेअरच्या बोर्डला सहसा सुरुवातीला सुमारे १८ मायक्रॉनचा पातळ पत्रा असतो. भोकं पाडल्यावर बोर्ड रसायनाच्या टाकीत बुडवून विजेनं तांबं चढवतात. ते भोकाच्या भिंतीवर चढतं आणि त्याच वेळी वरच्या ट्रॅकवरही चढतं, म्हणून तयार बोर्डवर ३५ च्या आसपास जाडी मिळते. टाकीतला वेळ कापला की दोन्हीकडे कमी पडतं. माझे ट्रॅक १८ वरून जेमतेम २१ ला पोचले होते, तर भोकांच्या भिंतीवरही तेवढाच, म्हणजे तीनेक मायक्रॉनचा पापुद्रा असणार. बोर्डांच्या दर्जासाठीच्या आयपीसी-६०१२ या मानकात, क्लास २ म्हणजे नेहमीच्या वापराच्या बोर्डला, भोकाच्या भिंतीवर सरासरी २० मायक्रॉन तांबं लागतं. एफआर-४ तापला की जाडीच्या दिशेनं फुगतो आणि भोकातलं तांबं ताणतो. २० मायक्रॉनची भिंत ते सहन करते. पापुद्रा तडकतो. सोल्डरिंग आयर्न लागताच माझे व्हाया का गेले, ते इथे उलगडलं.

चूक माझ्या डिझाइनची नाही हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. कुणीतरी विचार करून, जे डोळ्यांना दिसत नाही नेमकं तेच चोरलं होतं, याचा मला फार राग आला. मास्क सुंदर, छपाई सुंदर, कारण ते फोटोत दिसतं.

इलेक्ट्रिकल टेस्टचंही तेच. छोट्या ऑर्डरची टेस्ट बहुधा फ्लाइंग प्रोबनं, म्हणजे सुया फिरवून तपासणाऱ्या मशीननं करतात आणि त्या सुया पॅडवर (पार्ट जोडायच्या उघड्या जागांवर) बारीक टोचे ठेवतात. न वापरलेले बोर्ड मी भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहिले. एकाही पॅडवर टोचा नव्हता. अलीकडच्या काही मशीनचा स्पर्श इतका हलका असतो की खूण उमटत नाही, म्हणून हा पुरावा मी एकटा वापरला नाही. मी त्यांच्याकडे टेस्टचा अहवाल मागितला. तो कधीच आला नाही.

तक्रारीचा भाग सगळ्यात सावधपणे वाचा. पहिलं उत्तर चोवीस तासांत आलं, अतिशय नम्र. ‘आपली तक्रार तपासणी विभागाकडे पाठवली आहे.’ मग फोटो मागितले. मग वेगळ्या कोनातून फोटो. मग मोजमापाचा व्हिडिओ. मग एक बोर्ड कापून त्याच्या छेदाचा फोटो. दर वेळी चार-पाच दिवस जायचे आणि दर वेळी शेवटची ओळ तीच: ‘कृपया पेमेंटची तक्रार करू नका, त्यानं आमची तपासणी थांबते.’ मी ऐकलं. ज्या माध्यमातून पैसे भरले होते तिथे तक्रार करायची मुदत ४५ दिवसांची होती. ४७ व्या दिवशी त्यांचा निकाल आला: दोष डिझाइनचा आहे, व्हाया लहान ठेवले आहेत, करंट जास्त वापरला आहे. ०.३ मिलिमीटरचे ते व्हाया त्यांच्याच सॉफ्टवेअरच्या तपासणीतून एकही सूचना न येता पास झाले होते.

समोरचा गोड बोलतोय म्हणून मुदत घालवू नका. पैशांची तक्रार आधी नोंदवा आणि बोलणी नंतर चालू ठेवा. प्रामाणिक विक्रेता त्यानं रागावत नाही. तो दोन-तीन दिवसांत नवे बोर्ड पाठवतो किंवा पैसे परत करतो, कारण हे बोर्ड परत मागवणंसुद्धा त्याला परवडत नाही.

मी मोजमापांसह तिखट उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझं खातं ‘नियमभंगामुळे’ बंद होतं. आणि खात्याबरोबर डिझाइनही गेलं. स्किमॅटिक, लेआउट, मी हातानं बनवलेले अकरा फूटप्रिंट, सगळं. ऑर्डर देऊनही गर्बर मला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. ज्यांनी बोर्डात चोरी केली त्यांच्याच कुलपात माझं काम होतं, म्हणून मी दुसऱ्या कुणाकडे तोच बोर्ड बनवून घेऊन तुलनाही दाखवू शकत नव्हते. सॉफ्टवेअर मोफत का होतं, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

माझ्याकडे स्किमॅटिकची एक पीडीएफ उरली होती, एका मैत्रिणीला तपासायला पाठवलेली. त्यावरून आणि कोरा बोर्ड स्कॅन करून मी सगळं कीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा काढलं. सहा आठवडे लागले. कीकॅड ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलं, पुढे सर्नसारख्या (युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या) संशोधन संस्थेनं त्यात भर घातली, आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि माझ्या स्वतःच्या डिस्कवर असतात. उद्या ते बंद पडलं तरी फाइल उघडून काय कुठे जोडलंय ते वाचता येईल. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर वाईट असं मी म्हणत नाही. ईगल कित्येकांनी वर्षानुवर्षं वापरलं. २०१७ मध्ये ते वर्गणीवर गेलं आणि २०२३ मध्ये ते बंद करण्याची तारीख जाहीर झाली, ७ जून २०२६. तरी त्याच्या फाइली सहाव्या आवृत्तीपासून वाचता येण्याजोग्या एक्सएमएलमध्ये असल्यामुळे कीकॅडला त्या उघडता येतात आणि लोकांना आपलं काम घेऊन बाहेर पडता आलं. मला तेवढीही फट ठेवली नव्हती.

म्हणून आता नवं सॉफ्टवेअर हातात घेतलं की पहिल्याच संध्याकाळी एक रेझिस्टर आणि एक एलईडी काढते, गर्बर आणि ड्रिल फाइल बाहेर काढते आणि त्या वेगळ्याच व्ह्यूअरमध्ये उघडून बघते. इथे अडलं तर पुढे जातच नाही. ऑर्डरवर ‘तयार तांबं ३५ मायक्रॉन, भोकाच्या भिंतीवर सरासरी २० मायक्रॉन’ असं लिहून देते आणि लेखी होकार घेते. नुसतं ‘३५ मायक्रॉन’ लिहिलं की सुरुवातीचा पत्रा की तयार जाडी, यावर नंतर वाद घालायला जागा राहते.

बाकी सात जणांचे पैसे मी माझ्या खिशातून परत द्यायला काढले. तिघांनी घेतले नाहीत. त्या तिघांच्या पैशांतून नवे बोर्ड दुसरीकडून, आधी दोन आणि मग दहा, असे मागवले. त्या प्रत्येक बोर्डच्या कडेला ५० मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद अशी एक सरळ रेघ आहे, कशालाच न जोडलेली, दोन्ही टोकांना दोन-दोन पॅड. एक जोडी करंटला, एक मोजायला. मधली रेघ मास्कखाली झाकलेली हवी, नाहीतर वर सोल्डर चढतं आणि रोध फसवा येतो. ५० चौकोन, १ अँपिअरला २४-२५ मिलिव्होल्ट. पाकीट उघडल्यावर आता आम्ही आधी हीच रेघ मोजतो. नव्या दहाही बोर्डांवर २३ ते २६ च्या मध्ये आकडे आले. या रेघेचा कीकॅड फूटप्रिंट मी बनवून ठेवला आहे. मागेल त्याला देईन.